अर्जवाल्या काकू

सिंगापुरात मी ज्यांच्या घरी दोन वर्षांना महिना कमी इतके दिवस भाड्याने राहिले, त्या काकूंना माणसांची नावं लक्षात राहत नसत. पास लक्षात राहत. पास म्हणजे परक्या माणसाला या देशात राहायची, शिकायची किंवा काम करायची परवानगी. शिकायला आलात तर स्टुडंट पास. चांगल्या पगाराची नोकरी मिळाली तर एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असतो तो ईपी. त्याच्या एक पायरी खाली एस पास. नवऱ्याच्या मागून आलात तर डिपेंडंट पास. काकूंच्या बोलण्यात "ती साताऱ्याची" किंवा "ती उंच मुलगी" असं कधी यायचं नाही. "ती नाही का, जिचा ईपी दुसऱ्या खेपेला झाला," असं यायचं. खालच्या मजल्यावरच्या एका तेलुगू कुटुंबाला त्या 'पीआर पेंडिंग' म्हणत. त्या लोकांना पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळून, घर घेऊन, घराची शांत होऊन बरीच वर्षं झाली होती. काकूंकडे ते पेंडिंगच राहिले.

बुकित बातोकच्या त्यांच्या फ्लॅटसमोर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्याकडे दोन बॅगा होत्या आणि पाठीवरून घाम ओघळत होता. काकूंनी आतलं दार उघडलं. बाहेरची लोखंडी जाळी मात्र तशीच कुलूपबंद ठेवली.

"स्टुडंट पास ना?"

"हो."

"किती तारखेपर्यंत?"

मला तारीख आठवेना. मी पर्समध्ये हात घातला.

"बघून नको. वाढदिवस आठवतो तुला स्वतःचा?"

"आठवतो."

"मग ही पण पाठ कर. वाढदिवस विसरला म्हणून कुणी देशाबाहेर काढत नाही."

एवढं झाल्यावर त्यांनी जाळी उघडली, एक बॅग माझ्या हातातून ओढून घेतली आणि थालीपीठ खाणार का असं विचारलं.

काकू साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, तुरुतुरु चालणाऱ्या. घरात कायम गाऊन आणि गळ्यात दोरीला लावलेला चष्मा. काका बँकेत होते. ते जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा इथेच शिकला आणि मेलबर्नला स्थायिक झाला. त्या मायलेकांचा फोन म्हणजे एका बाजूने मराठी प्रश्न आणि दुसऱ्या बाजूने इंग्रजी उत्तरं. "मम, लेट द गर्ल्स रिलॅक्स लाह," असं तो, इथल्या लोकांसारखं शेवटी 'लाह' लावून, आमच्या वतीने सांगायचा. "रिलॅक्स व्हायला आधी पास लागतो," काकू म्हणायच्या.

एका खासगी कॉलेजच्या कचेरीत परदेशी विद्यार्थ्यांचे कागद बघण्यात त्यांची अठरा वर्षं गेली होती. निवृत्त झाल्यावरही ते काम त्यांच्या अंगातून गेलं नाही. घरातली एक खोली काकू मुलींना भाड्याने द्यायच्या. भाडं बेताचं होतं, पण त्या खोलीबरोबर काकू येत. माझ्याआधीपासून तिथे एक नागपूरची मुलगी राहत होती. पहिल्याच संध्याकाळी तिने मला सावध केलं. "इथे तीन गोष्टी सांभाळायच्या. गॅस, पंखा आणि रविवारचे चार."

रविवारी चार वाजता मुलाखत असे. खरी नाही, सरावाची. काकू जेवणाच्या टेबलाशी बसत आणि गाऊनवर काकांचा जुना निळा टाय बांधत. टाय गळ्यात असेपर्यंत त्या काकू नसत. त्यांना मॅडम म्हणायचं, इंग्रजीत बोलायचं आणि चहा उतू जातोय हेसुद्धा सांगायचं नाही. एकदा नागपूरचीने न राहवून सांगितलं, तर मॅडम म्हणाल्या, "वी विल कम टु दॅट लेटर." चहा गेला.

माझ्या पहिल्या मुलाखतीत त्यांनी विचारलं, "व्हाय सिंगापूर?"

मी पाठ केलेलं म्हटलं. शिस्त आहे, रस्ते चांगले आहेत, वाहतूक उत्तम आहे.

मॅडमनी टाय सैल केला आणि मराठीत म्हणाल्या, "रस्ते आवडले म्हणून आलीस? मग कामगार बनून रस्ते बांध. मला तुझं काम सांग."

सगळे अर्ज आता ऑनलाइन भरायचे असतात हे काकूंना माहीत होतं, पण त्यांचा पडद्यावर विश्वास नव्हता. पडद्यावरचा फॉर्म त्या आलेखाच्या वहीत पट्टीने आखून काढायच्या, चौकट न् चौकट. मग आम्ही तो पेन्सिलीने भरायचा. त्या लाल पेनाने तपासायच्या. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "अर्ज खोटा नसावा आणि लाजराही नसावा." खोटा लिहिलेला त्यांना चौकटीच्या टोकावरून कळायचा. लाजऱ्याचा त्यांना अधिक राग येई.

ईपीसाठी गुण मोजतात. पगार, पदवी, कंपनीत एकाच देशाची माणसं किती, स्थानिक किती अशा कसोट्या असतात आणि सगळे मिळून चाळीस गुण लागतात. हे काकूंना इतकं आवडलं होतं की त्या सगळ्याच गोष्टी त्या कसोटीला लावायच्या. हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईतल्या, कॉफीवाल्याला चाळीस. समोरच्या दुकानातल्या भेंडीला तीस, कारण जून निघाली. नागपूरचीच्या मित्राला त्यांनी एकदा जेवायला बोलावलं आणि तो गेल्यावर निर्णय दिला. "पदवी वीस, पगार दहा. बोलतो फार, ऐकत नाही, तिथे शून्य. दहा कमी पडतात." नागपूरची आठवडाभर फुगून होती. पुढे तिनेच त्याला सोडलं, पण त्याचं श्रेय तिने काकूंना दिलं नाही.

माझा अभ्यास मालसाठवण आणि वाहतूक या विषयातला. कॉलेज चालू असताना स्टुडंट पासवर आठवड्याला ठरावीक तास काम करता यायचं. बुकित बातोकमध्येच छोट्या कारखान्यांचा एक भाग आहे. तिथे एका शीतगृहाच्या कंपनीत मी वर्षभर ते केलं. रेस्टॉरंटांना भाजी, मासे, दूध पोचवणारी कंपनी. घरून चालत पंधरा मिनिटं. स्वेटर घालून जायचं आणि घामाने चिंब होऊन परत यायचं.

अभ्यासक्रम संपला तेव्हा स्टुडंट पासही संपला. इथे शिकलेल्याला नोकरी शोधण्यापुरतं वर्षभर राहू देणारा एक पास मिळतो, तो मी घेतला. त्यावर राहता येतं, शोधता येतं, काम मात्र करता येत नाही. काकू त्याला 'उपासाचा पास' म्हणायच्या. "स्वयंपाकघरात बसायचं, वास घ्यायचा, खायचं नाही."

उपास लांबला. नागपूरचीला तिसऱ्याच महिन्यात एका बँकेत नोकरी लागली, ईपी झाला, आणि पंधरा दिवसांत ती चोआ चू कांगला फ्लॅट भाड्याने घेऊन राहायला गेली. टायवाल्या मॅडमला कंटाळून गेली असणार, असं मला वाटलं. माझे अर्ज चालूच होते. मोठमोठ्या कंपन्या, काचेच्या इमारती. उत्तर आलं तर नकाराचं, नाहीतर काहीच नाही. तिकडे सांगलीला बाबांनी, ते शाळेत शिक्षक, 'ईपी' हा शब्द शिकून घेतला होता आणि शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना शिकवला होता. दर फोनला ते विचारायचे, "ईपीचं कुठवर आलं?" जणू धरणाचं काम चाललंय.

आठव्या महिन्यात काकू भेंडी चिरता चिरता म्हणाल्या, "ज्यांची भाजी वर्षभर राखलीस, त्यांना विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. मास्टर्स करून शीतगृहात, हे बाबांच्या शिक्षकांच्या खोलीत कसं दिसेल असं वाटायचं. काकूंनी ते ओळखलं असावं. त्या एवढंच म्हणाल्या, "विचारायला कुठला पास लागत नाही."

गेले. बॉस पन्नाशीचा, चिनी सिंगापुरी, तोंडाने सतत घाईत आणि पायांनी निवांत. "ओके लाह, ट्राय ईपी," म्हणाला आणि त्याच आठवड्यात अर्ज टाकला.

आता वाट बघायची होती. अर्जाची स्थिती वेबसाइटवर दिसते. मी सकाळी उठल्यावर बघायचे, दात घासून बघायचे, लिफ्टमध्ये बघायचे. 'पेंडिंग' या शब्दाकडे इतकं बघितलं की तो मराठी वाटायला लागला. तिसऱ्या आठवड्यात काकूंनी जाहीर केलं, "शनिवारी पुलाउ उबीन. तिथे नेट धड लागत नाही."

पुलाउ उबीन हे सिंगापूरच्या पूर्वेचं बेट. जुनी लाकडी घरं, माती, नारळ, भाड्याच्या सायकली. आम्ही राहत होतो पश्चिमेला, म्हणजे अख्खा देश ओलांडून जायचं. धक्क्यावरून छोट्या होड्या सुटतात आणि बारा माणसं जमल्याशिवाय निघत नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा आम्हाला धरून नऊ होती. काकू उन्हाची टोपी सावरत धक्क्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला उबीन किती सुंदर आहे ते सांगू लागल्या. दहा मिनिटांत तीन माणसं मिळवली. त्यातल्या एका आजोबांना बहुतेक नुसतं समुद्राकडे बघायचं होतं.

बेटावर उतरताच त्यांनी माझा फोन मागितला आणि थालीपिठाच्या कापडी पिशवीत टाकला. त्यांचाही टाकला. "दुपारी दोनपर्यंत आपण दोघी पृथ्वीवर नाही."

सायकलवर काकू माझ्यापेक्षा बऱ्या होत्या. चढावर त्या पुढे आणि मी उतरून ढकलत मागे. दुपारी एका शेडखाली सायकली टेकवल्या, पिशवी बाकावर ठेवली आणि नळाशी हात धुवायला गेलो. वळून बघतो तर बाकाजवळ एक रानडुक्कर. उबीनला ती असतात, मोकळी हिंडतात, माणसाला घाबरत नाहीत. त्याने पिशवीचा बंद तोंडात धरला होता.

काकू दोन पावलं पुढे झाल्या आणि त्याला इंग्रजीत म्हणाल्या, "एक्स्क्यूज मी." डुक्कर स्थानिक होतं, त्यामुळे मराठी वापरणं त्यांना योग्य वाटलं नसावं. डुकराने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पिशवीसकट झाडीत चालू लागलं. पळालं नाही. चालत गेलं.

आम्ही मागे. मी ओरडत, काकू मला "ओरडू नकोस, ते दडपणाखाली येईल" असं सांगत. शेवटी चिखलाच्या एका खड्ड्याशी त्याने पिशवी टाकली, नाकाने उलगडली आणि सहाही थालीपिठं शांतपणे खाल्ली. लोणच्याची डबी फोडली. मग तोंड वाकडं करून निघून गेलं.

फोन शाबूत होते. माझ्या फोनवर लिंबाच्या लोणच्याचा खार पसरला होता. मी तो ओढणीने पुसायला लागले आणि पुसता पुसता पडदा उजळला. नेट धड लागत नाही म्हणतात तिथे बॉसचा मेसेज येऊन पडला होता. 'रिजेक्टेड. पॉइंट्स नॉट इनफ. मंडे कम, वी टॉक.'

मी तिथेच चिखलाकाठी बसले. काकूंनी फोन घेतला, चष्मा लावला, दोनदा वाचलं.

"आठ आठवडे लागतील असं मी धरलं होतं," त्या म्हणाल्या. "तीनच लागले. काम चोख आहे त्यांचं."

त्या वेळी मला त्यांचा इतका राग आला की मी परत धक्क्यापर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. धक्क्यावर परतीच्या होडीसाठी आम्ही दोघी आणि एक जोडपं, चारच जण. आठ माणसांची वाट बघायची होती. काकूंनी या वेळी कुणाला गोळा केलं नाही. माझ्या शेजारी बाकावर बसल्या.

"मी फार्मसिस्ट आहे, माहितीये का तुला?" त्या म्हणाल्या.

मला माहीत नव्हतं. दोन वर्षांत त्या घरात क्रोसिनशिवाय औषधाचा विषय निघाला नव्हता.

"नगरला आमच्या वर्गात दुसरी आले होते. लग्न झालं, ह्यांच्यामागून इथे आले, डिपेंडंट पासवर. तेव्हा मला काम द्यायचं तर कुणीतरी माझ्यासाठी वेगळा अर्ज करायला हवा होता. कोण करणार? घरात बसून करायचं काय, म्हणून ह्यांच्या ऑफिसातून येणारे नियमांचे कागद वाचायचे. लोकांच्या बायका मासिकं वाचायच्या, मी नियम वाचायचे. नऊ वर्षं."

"मग?"

"मग पीआर झाला. आता अडवणारं कुणी नव्हतं. इथली परीक्षा द्यायची, त्याआधी एक अर्ज. चार पानी. मी तो आणला, भरला, सगळा भरला. पेन्सिलीने." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आणि पाठवलाच नाही."

"का?"

"नामंजूर झाला तर, म्हणून. एकेचाळीस वर्षांची होते. ह्यांना सांगितलं, जागा भरल्या गेल्या. पुढे ओळखीतून कॉलेजातली नोकरी आली, तिचा फॉर्म ह्यांनीच भरला. अठरा वर्षं मी पोरांना सांगितलं, भरा, पाठवा, घाबरू नका. माझा तसाच राहिला कपाटात."

समोर पाण्यात एक होडी इंजिन बंद करून डुलत होती. माझा राग कधी गेला ते कळलं नाही.

"तुझा निदान नामंजूर तरी झाला," काकू म्हणाल्या. त्या सांत्वन करत नव्हत्या. त्यांच्या आवाजात मला थोडा हेवा ऐकू आला.

सोमवारी मी निघाले तेव्हा त्या चालायचे बूट घालून दाराशी उभ्या. "मी येते. बोलायचं काय ते मी बोलते."

बॉसने आम्हाला बघितलं. "युअर मदर?"

"लँडलेडी," काकूंनी सांगितलं.

"लँडलेडी ऑल्सो कम फॉर इंटरव्ह्यू, आह?"

पण त्याने खुर्ची दिली आणि कॉफी मागवली. त्याच्याकडे एक तोडगा होता. माझं पद वाढवून 'रीजनल डायरेक्टर' लिहू, पुन्हा अर्ज टाकू. त्याच्या एका मित्राने सुचवलं होतं.

"ही कुठल्या रीजनची डायरेक्टर?" काकूंनी इंग्रजीत विचारलं. "खालच्या मजल्याची?"

बॉस हसला.

"पदाच्या नावाला गुण नाहीत," काकू म्हणाल्या. "आणि खोटं लिहून ती पकडली गेली तर तिला या देशात पुन्हा येता यायचं नाही. तुम्हालाही माणसं आणता यायची नाहीत. एस पासचं बघा. त्याला गुणांचं गणित नाही, कंपनीचा परदेशी माणसांचा कोटा लागतो. तुमच्या कोट्यात जागा आहे?"

एस पास हा शब्द ऐकून माझा चेहरा उतरला. ईपीच्या खालची पायरी. बाबांना काय सांगू, हे पहिलं मनात आलं. काकूंनी मराठीत, ओठ न हलवता म्हटलं, "तोंड सरळ ठेव."

जागा एकच होती. बॉसने ती कॉम्प्रेसर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकसाठी ठेवली होती. त्याने टेबलावर बोटं वाजवली. "मेकॅनिक, आय नीड. धिस गर्ल गुड, नाइस. बट व्हाय आय गिव्ह हर?"

मी काकूंकडे बघितलं. बोलायचं काय ते मी बोलते, असं त्या म्हणाल्या होत्या. काकूंनी कॉफीचा कप उचलला आणि एसीच्या झडपेकडे बघत बसल्या. मी वाट बघितली. त्यांनी एक घोट घेतला.

मग मीच बोलले. सुरुवातीला काय बोलले ते आठवत नाही. पुढचं आठवतं. पालेभाजी दुसऱ्या-तिसऱ्या रेस्टॉरंटपर्यंत पोचताना मलूल व्हायची, तक्रारी यायच्या, सगळे गाडीच्या कूलिंगला दोष द्यायचे. मी तीन आठवडे ड्रायव्हरांबरोबर गाडीत बसून दार किती वेळा उघडतं आणि किती वेळ उघडं राहतं ते वहीत टिपलं. माल उलट्या क्रमाने भरला जात होता. पहिल्या दुकानाचा माल सगळ्यात आत, म्हणून प्रत्येक ठिकाणी सगळं बाहेर काढून दार सताड उघडं. मी भरायचा क्रम बदलून दिला. ड्रायव्हर पहिले चार दिवस मला 'प्रोफेसर' म्हणून चिडवत होते. नंतर तक्रारी थांबल्या.

बॉसची बोटं थांबली. "दॅट वन यू, आह?"

"दॅट वन मी."

"आय थॉट सुपरवायझर." त्याने पडद्यावर माझा अर्ज शोधला आणि वाचला. मी तिथे लिहिलं होतं: कामकाजात साहाय्य केलं. "व्हाय यू नेव्हर राइट?"

"शाय ॲप्लिकेशन," काकू म्हणाल्या. त्या दिवशीचं ते त्यांचं शेवटचं वाक्य. कॉफी संपवून त्या भाजी आणायला निघून गेल्या.

बॉसने मेकॅनिकचं काम बाहेरच्या एका दुरुस्तीवाल्याला लावून दिलं आणि कोट्यातली जागा माझ्या नावावर टाकली. वर्षाचा पास संपायला सव्वा महिना उरला होता. तेव्हा एस पास झाला. बाबांना फोन केला आणि ईपी नाही, एस पास झाला असं घाबरत घाबरत सांगितलं. "एस म्हणजे सांगलीचा का?" त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी तसंच सांगितलं असं आई म्हणाली.

त्या संध्याकाळी मी काकूंसाठी श्रीखंड घेऊन आले. त्यांनी वाटी भरून घेतली, चाटूनपुसून खाल्ली आणि विचारलं, "खोली कधी सोडतेस?"

मला वाटलं, चेष्टा करतायत.

"महिनाअखेर बरी पडेल," त्या म्हणाल्या. "एक मुलगी येतेय, गेल्याच महिन्यात कोर्स संपलाय तिचा."

"पण खोलीत दोन पलंग आहेत, काकू. आम्ही दोघी राहू."

"नाही. पास झालेली पोरगी घोरते. बिनपासाच्या पोरीला शेजारी कुणी असं निवांत झोपलेलं बघवत नाही. मी बघितलंय." मग जरा मऊ आवाजात, "तू रात्रीची उठून फोन बघायचीस ना, तेव्हा शेजारचा पलंग रिकामा होता हे तुझं नशीब."

खरंच होता. नागपूरची गेल्यावर तो पलंग काकूंनी मुद्दामच भरला नव्हता. आणि नागपूरची टायला कंटाळून गेली नव्हती. मी तिला फोन केला तर ती हसत सुटली. "मलापण काढलंच होतं गं. ये इकडे, एक खोली आहे." असं मी चोआ चू कांगला राहायला गेले. सामान न्यायला टॅक्सी आली तेव्हा काकू लिफ्टपर्यंत आल्या, आणि लिफ्टचं दार मिटता मिटता म्हणाल्या, "एस पासची तारीख?"

मी सांगितली. न बघता.

या गोष्टीला आता दीड वर्ष होऊन गेलं. मी अजून त्याच कंपनीत आहे, स्वेटर नवीन घेतलाय. सणावाराला काकूंकडे जाते. दर वेळी पलंगावर वेगळी मुलगी असते आणि काकूंना तिचं नाव आठवत नसतं.

गेल्या मंगळवारी मी गोदामात होते, सकाळचे साडेदहा, माल उतरत होता. काकूंचा फोन. कामाच्या वेळी त्या कधी फोन करत नाहीत. मला वाटलं, पडल्या बिडल्या की काय. मी शहाळ्यांच्या दोन खोक्यांमधून वाट काढत बाहेर आले.

"अगं, माझा अर्ज नामंजूर झाला," काकू म्हणाल्या.

"कसला अर्ज?"

"आमच्या ब्लॉकपलीकडे दवाखाना आहे ना, तिथे औषधं द्यायच्या खिडकीवर मदतनीस हवा होता. अर्धवेळ. टाकला मी. मुलाखतीला बोलावलं नाही, पण उत्तर दिलंय. थांब, वाचते."

आणि त्यांनी ते पत्र मला अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. आपल्या अर्जाबद्दल आभार. अनेक योग्य उमेदवार. या वेळी पुढे नेता येत नाही. एकेक ओळ त्या चवीने वाचत होत्या, जशी आई लग्नपत्रिका वाचते. शेवटच्या ओळीवर थांबल्या.

"खाली लिहिलंय, वी विश यू ऑल द बेस्ट. हे ते मनापासून लिहितात का गं?"

मी तसली पत्रं चाळीसएक बघितली होती. ती सगळ्यांना एकसारखीच जातात.

"लिहितात," मी म्हटलं.

"मला वाटलंच," काकू म्हणाल्या. "बरं, ठेवते. आणखी दोन ठिकाणी पाठवायचेत."